सिबेलियसची नाटकं: सुइट ऐकून भागतं का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

फिनलंडचा संगीतकार यान सिबेलियस म्हटलं की सात सिम्फन्या, व्हायोलिन कॉन्चेर्तो आणि 'फिनलँडिया', एवढ्यावर चर्चा संपते. पण १८९८ ते १९२६ या काळात त्याने नाटकांसाठीही भरपूर संगीत दिलं: 'किंग क्रिस्तियान दुसरा', 'कुओलेमा', 'पेलेआस आणि मेलिसांद', 'बेलशझरची मेजवानी', 'स्वानेव्हिट', 'येडरमान', शेवटी शेक्सपिअरचं 'टेम्पेस्ट'. बहुतेकांचे सुइट, म्हणजे मैफलीत वाजवायला निवडून जोडलेले तुकडे, त्याने स्वतःच बांधले.

माझं मत असं की सुइट पुरे आहेत. संगीतकारानेच गाळणी लावली आहे. खाली राहिलं ते म्हणजे नेपथ्य बदलेपर्यंत वेळ काढायचे तुकडे. अभ्यासक सोडले तर ते कोणी का ऐकावेत? विरोध जरूर करा, पण "पूर्ण ते चांगलं" एवढं म्हणून निघून जाऊ नका. सुइट करताना नेमकं काय बदललं ते सांगा.

---

चेलोबा

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरणच घ्या, 'वाल्स त्रिस्त'.

'कुओलेमा' (म्हणजे मृत्यू) हे आर्विद यार्नेफेल्टचं नाटक, सिबेलियसचा मेहुणा. प्रयोग २ डिसेंबर १९०३, हेलसिंकीचं फिनिश राष्ट्रीय नाट्यगृह. संगीताचे सहा तुकडे, आणि संच जवळजवळ निव्वळ स्ट्रिंग्जचा (तंतुवाद्यांचा). १९०४ मध्ये पहिला तुकडा वेगळा काढून त्यात एक बासरी, एक क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि टिंपनी घातली. आज ऐकतो तो हा.

नाटकात काय चाललंय ते माहीत असेल तर या वाल्सचा आकार कळतो. आजारी आई अंथरुणावर आहे, मुलगा उशाशी बसून डुलक्या घेतोय. तिला नाचाचं संगीत ऐकू येतं, ती उठते, भासातले पाहुणे येतात, ती त्यांच्यात नाचते. दमून पडते, संगीत थांबतं. पुन्हा बळ एकवटून उठते, या वेळी नाच अंगावर येईल इतका वेगात. मग दार वाजतं, पाहुणे नाहीसे होतात आणि उंबऱ्यात मृत्यू उभा असतो. मैफलीत जे 'मूड बदलणं' वाटतं तो खरं तर रंगमंचावरच्या हालचालींचा आलेख आहे. शेवटी फक्त चार सोलो व्हायोलिनं उरतात.

बिघडतं कुठे? सुरुवात फार संथ घेतात. मार्किंग लेंतो (संथ) आहे हे खरं, पण सुरुवातच रडवी केली तर पुढच्या वेग वाढण्याला जागा राहत नाही. मग दुसऱ्यांदा जी मेजरमध्ये जाताना अचानक गिअर टाकल्यासारखा धक्का बसतो. पहिल्या पिझिकातोपासूनच (बोटांनी छेडलेल्या तारा) तीन मात्रा मनात नाचत्या ठेवायच्या. दुसरं, चार सोलो व्हायोलिनांना वेगळी तालीम लागते. त्या सुरांना आधार द्यायला खाली काहीच नसतं, त्यामुळे सूर लगेच उघडे पडतात.

---

पिटातला

चेलोबांनी फक्त संच मोठा झाला ते सांगितलं. एक गंमत राहिली: हा वाल्स सिबेलियसने प्रकाशकाला एकरकमी विकला, रॉयल्टी नाही. पुढे तो जगभरच्या हॉटेलांत आणि कॅफेंत वाजला आणि याच्या खात्यात शून्य.

---

रोहिणी_व्ही

@पिटातला, म्हणूनच १९११ मध्ये त्याच नाटकाच्या नव्या प्रयोगासाठी आणखी दोन तुकडे केले असतील का, 'कान्त्सोनेता' आणि 'वाल्स रोमांतिक'? :) पहिला वाल्स हातचा गेला, दुसरा तरी चालेल! (नाही चालला तेवढा.)

---

पिटातला

@रोहिणी, १९११ चं उलटंही सांगता येतं. 'कान्त्सोनेता' केवळ स्ट्रिंग्जसाठी आहे आणि माझ्या मते वाल्सपेक्षा सरस. पण 'कुओलेमा'तला खरा लपलेला ठेवा म्हणजे 'बगळ्यांचा प्रवेश'. बगळे म्हणजे इथे क्रौंच, क्रेन. सिबेलियसने १९०६ मध्ये मूळचे तिसरा आणि चौथा तुकडा जोडून तो केला. स्ट्रिंग्ज पाण्यासारख्या स्थिर, आणि मधे दोन क्लॅरिनेट क्रौंचांच्या हाका मारतात. छापून यायला १९७३ उजाडलं. आता मंद्रसप्तक, ही गाळणी कोणाची? संगीतकाराने तो मैफलीसाठी तयार केला होता, तरी बाजारात आला नाही. म्हणजे 'त्यानेच निवडलं' हा तुमचा आधार इथेच डळमळतो.

---

मंद्रसप्तक

हा मुद्दा मान्य. पण एका तुकड्यावरून नियम होत नाही. 'पेलेआस'मध्ये काय राहिलंय सांगा. दहापैकी नऊ सुइटमध्ये आलेच की.

---

सुषिर

'पेलेआस'वर जरा सविस्तर लिहितो, कारण छोट्या संचाला वाजवता येण्याजोगं हेच सर्वांत चांगलं आहे.

मेटरलिंकचं नाटक, हेलसिंकीच्या स्वीडिश नाट्यगृहात बर्टेल ग्रिपेनबर्गच्या स्वीडिश अनुवादात, १७ मार्च १९०५. याच नाटकावर फोरेने १८९८ मध्ये लंडनच्या प्रयोगासाठी संगीत दिलं होतं, द्युबुसीचा ऑपेरा १९०२ चा, शोनबर्गचं सिम्फनिक काव्य १९०३ चं. सिबेलियस रांगेत चौथा आणि संच सगळ्यात काटकसरीचा: बासरी १ (पिकोलोसुद्धा तोच वाजवतो), ओबो १ (कोर आंग्ले, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा ओबो, तोही तोच), क्लॅरिनेट २, बसून २, हॉर्न २, टिंपनी, बास ड्रम, ट्रायँगल आणि स्ट्रिंग्ज. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन नाहीतच. फुंकणारी माणसं फक्त आठ.

आता अडचणी.

कोर आंग्ले: दुसरा तुकडा 'मेलिसांद' म्हणजे कोर आंग्लेचं अखंड गाणं. नाटकात दोन तुकड्यांच्या मध्ये संवाद असतात, वाद्य बदलायला, फुंकर मारून गरम करायला वेळ मिळतो. सुइटमध्ये 'किल्ल्याच्या दाराशी' संपला की काही सेकंदांत हा सुरू. थंड वाद्य खालच्या सुरात बोलतं आणि सोलो सुरुवातीपासूनच असल्याने सावरायला जागा नसते. दुसरा ओबोवादक उपलब्ध असेल तर कोर आंग्ले त्याच्याकडेच द्यावं. नसेल तर कंडक्टरने मधली शांतता लांबवावी, श्रोते काही म्हणत नाहीत.

'चरख्यापाशी मेलिसांद': व्हायोलांचा ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची झपाट्याची अदलाबदल) न थांबता चालतो, तो चरखा. सगळ्यांनी एकदम बोची (गजाची) दिशा बदलली की चरखा अडखळतो. डेस्कवर (दोघांच्या एका स्टँडवर) आधी ठरवून घ्या, आतला आणि बाहेरचा वादक वेगवेगळ्या ठिकाणी बो बदलतील. दोनच व्हायोला असतील तर हा तुकडा धोक्याचा.

'समुद्रकाठी': दोनेक मिनिटांचा. बास ड्रमचा मऊ रोल, वर पिकोलो. सूर म्हणून गुणगुणण्यासारखं काही नाही, नुसतं धुकं आणि निघून जाणारं जहाज. सर थॉमस बीचमनी आपल्या रेकॉर्डिंगमध्ये हा चक्क वगळला. ड्रमला मऊ, मोठ्या डोक्याची काठी हवी. कडक काठीने वेगवेगळे ठोके ऐकू येतात आणि समुद्राचा ढोल होतो.

'तीन आंधळ्या बहिणी': नाटकात हे मेलिसांदचं गाणं, तिच्या आवाजात, स्वीडिशमध्ये. सुइटमध्ये आवाज गेला, ओळ वाद्यांकडे गेली. मंद्रसप्तक, तुम्ही विचारलंत काय राहिलं ते. तिचा आवाज राहिला. संपूर्ण नाटकात जी बाई नीटसं काही सांगत नाही ती एकदाच गाते, आणि सुइटमध्ये तेवढंच नाही.

---

चेलोबा

सुषिर, दंडवत.

---

नभांगण

'किल्ल्याच्या दाराशी' हा तुकडा आकाशनिरीक्षणवाल्यांच्या ओळखीचा असेल. बीबीसीच्या 'द स्काय ॲट नाइट'चं शीर्षकसंगीत तेच. कार्यक्रम एप्रिल १९५७ मध्ये सुरू झाला, सिबेलियस त्याच वर्षी २० सप्टेंबरला गेला. नाटकात मात्र या संगीतावर दासी किल्ल्याचं दार उघडायला सांगत असतात, पायरी धुवायची असते म्हणून. ताऱ्यांचा काही संबंध नाही!

---

रोहिणी_व्ही

झाडू-पोछ्याचं संगीत दुर्बिणीला लावलं म्हणायचं. 😄

'कारेलिया'चंही तसंच झालंय. त्यातला 'इंतरमेझ्झो' ब्रिटिश टीव्हीवरच्या बातम्यांच्या कार्यक्रमाला लावला होता. मूळ प्रसंग १८९३ चा, हेलसिंकीत व्हीपुरीच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने भरवलेली लॉटरीची संध्याकाळ, त्यात इतिहासातले जिवंत देखावे आणि त्यांना संगीत. लोक इतके ओरडत होते की संगीत कोणाला धड ऐकूच आलं नाही. 'फिनलँडिया'ही १८९९ च्या अशाच देखाव्यांमधलं शेवटचं, रशियन सेन्सॉरशिपच्या काळात वर्तमानपत्रांच्या मदतनिधीसाठी केलेलं. म्हणजे धागाकर्त्याने ज्याला 'नाटकाबाहेरचं' मानलंय ते 'फिनलँडिया'सुद्धा रंगमंचाचंच अपत्य.

---

मंद्रसप्तक

'फिनलँडिया' माझ्या पहिल्या वाक्यातून परत घेतो. :) पुढे?

---

पडद्यामागून

मी वेगळ्या बाजूने विरोध करतो. सुइटमध्ये तुकड्यांचा क्रम मोडतो आणि त्याने अर्थ मोडतो. 'टेम्पेस्ट' पाहा.

कोपनहेगनच्या रॉयल थिएटरचा प्रयोग, मार्च १९२६, दिग्दर्शक आडाम पाउलसेन. मागणी प्रकाशक विल्हेल्म हान्सेनकडून १९२५ मध्ये आली. ओव्हर्चर (सुरुवातीचं वाद्यसंगीत) आणि त्यानंतर चौतीस तुकडे, शिवाय गायक, कोरस, हार्प, हार्मोनियम. ओव्हर्चर म्हणजे आख्खं वादळ आणि गलबत फुटणं. होल-टोन (सगळी अंतरं सारखी असलेल्या) स्वरावलीमुळे कानाला 'सा' सापडतच नाही, पायाखाली जमीन नसल्याचा भास होतो. नाटकाची सुरुवातच ही.

सुइट क्र. १ मध्ये हे वादळ छाटून शेवटी टाकलंय! मैफलीच्या हिशेबाने बरोबर, टाळ्या शेवटी हव्यात. पण शेक्सपिअरमध्ये वादळ आधी येतं आणि सगळं नाटक म्हणजे त्या वादळाचा हळूहळू उतार. सुइटने तो उतार चढाला लावला. 'कॅनन' हा तुकडा ऐकून नुसती चुरचुरीत कारागिरी वाटते. मूळ नाटकात तो कॅलिबान, स्टेफानो आणि ट्रिंक्युलो या तीन झिंगलेल्यांचं त्रिकूट आहे. दारू प्यालेली माणसं एकमेकांच्या मागे कॅननमध्ये गातात हाच विनोद, आणि माणसंच काढून टाकली तर विनोद कुठला? 'वाऱ्यांचा कोरस' नावाचा तुकडा सुइट क्र. २ मध्ये आहे, आणि त्यात कोरस नाही.

---

रागसंकर

हार्मोनियमचा उल्लेख आला म्हणून कान टवकारले. आपली हातपेटी की संगीत नाटकातली पायपेटी?

---

पिटातला

पायपेटीच्या जातीची, दोन्ही हात मोकळे असणारी. आपल्या जुन्या संगीत नाटकांत स्टेजसमोर ऑर्गन असायचा, त्याच कुळातली. 'टेम्पेस्ट'चा भाग हातपेटीवर निघणार नाही. एक हात भात्याला गेला की उरलेल्या पाच बोटांत ते जाड कॉर्ड मावत नाहीत.

आणि कोणी खरंच जुनी पायपेटी वापरणार असेल तर: पेटीच्या पट्ट्या बसवल्यात त्या सुरात राहतात, वादक ऐनवेळी हलवू शकत नाही. म्हणून ऑर्केस्ट्राने पेटीचा 'ए' घ्यायचा, ओबोचा नाही. पेटीचा 'ए' ४४० हर्ट्झच्या फारच वर-खाली असेल तर सरळ इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड लावा. फुंकणाऱ्यांना अर्धा तास ओढाताण करायला लावू नये.

---

रागसंकर

धन्यवाद. हातपेटीचा बेत रद्द.

---

सुषिर

'बेलशझर'चं कोणी बोललं नाही. यालमार प्रोकोपेचं नाटक, ७ नोव्हेंबर १९०६, पुन्हा स्वीडिश नाट्यगृहच. नाटक विस्मरणात गेलं, संगीत टिकलं. सुइटचे चारच तुकडे, पंधरा मिनिटांच्या आसपास. बासरी २, ओबो १, क्लॅरिनेट २, हॉर्न २, पर्कशन, स्ट्रिंग्ज. बसून नाही, त्यामुळे खालची सगळी जबाबदारी चेलो-बासवर. 'एकांत' हा तुकडा मुळात ज्यू मुलीचं गाणं. तिथेही आवाज गेला आणि म्यूट (आवाज दबवणारी चाप) लावलेल्या स्ट्रिंग्ज उरल्या, पण इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे: शब्दांशिवाय तो जास्त चांगला वाटतो.

पहिल्या 'मिरवणुकी'त बास ड्रम, झांजा, डफली एकत्र असतात. पर्कशनवाले चेकाळले तर बासऱ्या ऐकूच येत नाहीत. मिरवणूक लांबून येते असं धरून त्यांना एक पायरी खाली ठेवा.

---

मंद्रसप्तक

चला, एक मत पडलं!

---

चेलोबा

एकच. 'स्वानेव्हिट'मध्ये तेही जाईल. १९०८, स्ट्रिंडबर्गचं परीकथानाट्य. हारिएट बोसे हेलसिंकीत मेलिसांद झाली होती, सिबेलियसचं संगीत तिने तिथे ऐकलं, आणि त्यातून हे काम पुढे सरकलं. मूळ चौदा तुकडे छोट्या संचासाठी. सुइटचे सात, त्यात हॉर्न चार, हार्प आणली, मोराच्या चोचीच्या कटकटीला कास्टनेट्स. सुंदर आहे, पण मूळचा पातळपणा जातो. थोड्याच वाजवणाऱ्यांत परीकथा उभी करायची होती, सुइटने तिला भरजरी शालू नेसवला.

---

पडद्यामागून

आणि ज्यांचे त्याने सुइटच केले नाहीत त्यांचं काय? मंद्रसप्तक, तुमच्या नियमाने ही नाटकं ऐकायचीच नाहीत.

'ओडलन' (सरडा), मिकाएल लूबेकचं नाटक, १९१० चा प्रयोग: एक सोलो व्हायोलिन आणि स्ट्रिंग क्विंटेट. दोनच तुकडे, त्यातला दुसरा अवाढव्य, भासमय प्रवेशाखाली सतत चालणारा. चौथ्या सिम्फनीच्या अंधाराच्या अगदी जवळचं काम.

'येडरमान', होफमानस्थालचं, १९१६, फिनिश राष्ट्रीय नाट्यगृह, कंडक्टर रोबर्ट कायानुस. संगीत संवादांना बेतून शिवलेलं, कुठल्या वाक्यावर कुठला बार यायचा ते ठरलेलं. म्यूट लावलेल्या स्ट्रिंग्जचा एक लांबलचक, रांगत जाणारा लार्गो (अतिसंथ तुकडा) आहे. नट नसताना तो वाजवला तर लोक घड्याळ बघतील, आणि नट बोलत असताना वाजला तर श्वास रोखतील. गोम अशी की नट वाक्य लवकर उरकतात किंवा उशीर करतात. म्हणून कंडक्टरला रंगमंच दिसला पाहिजे, आणि लांब स्वरांवर कुठे थांबता येईल, कुठून पुढे उडी मारता येईल याच्या खुणा तालमीतच पार्टवर (वादकांच्या नोटेशनवर) लिहून ठेवायच्या.

'स्कारामूश' तर कराराचाच किस्सा. डॅनिश मूकनाट्य, सिबेलियसला वाटलं चार नाच लिहून द्यायचेत. सही झाल्यावर कळलं की तासाभराहून जास्त सलग संगीत हवंय. १९१३ अखेरीस पुरं केलं, प्रयोग १९२२ मध्ये. (नंतर जावई युसी यालास याने त्यातून मैफलीसाठी संक्षेप केला, म्हणजे तिथेही गाळणी दुसऱ्याची.)

---

रोहिणी_व्ही

करारावर सही करण्याआधी वाचणे. इति स्कारामूश.

---

रागसंकर

कोणी हे भारतात नाटकाला वापरायचं म्हटलं तर हक्कांचं काय? 'बगळ्यांचा प्रवेश' १९७३ मध्ये छापला म्हणजे तो अजून हक्कात असेल ना?

---

कलम_चोवीस

भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. मृत्यू १९५७, म्हणजे २०१७ अखेरीस मुदत संपली. युरोपीय संघात ७० वर्षं, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत हक्क चालू. मरणोत्तर प्रकाशनाचा वेगळा नियम आहे, पण हयातीत जाहीर प्रयोग झालेली रचना त्या नियमापुरती प्रकाशितच धरतात, आणि 'बगळ्यां'चा झाला होता.

तीन गोष्टी मात्र वेगळ्या तपासा. रेकॉर्डिंगचा हक्क रचनेपेक्षा स्वतंत्र असतो, सीडी लावून प्रयोग करणार असाल तर रचना मुक्त असल्याचा उपयोग नाही. नव्या संपादित आवृत्तीचे पार्ट भाड्याने घेतले तर भाडेकरारातल्या अटी लागू. आणि प्रयोगाचं चित्रीकरण इंटरनेटवर टाकलं तर ते युरोपातही दिसणार, तिथला कायदा तिथे लागू.

---

मंद्रसप्तक

बरं. मूळ प्रश्नाकडे. 'कुओलेमा', 'येडरमान', 'सरडा' यांच्याबाबत माघार. 'बेलशझर', 'किंग क्रिस्तियान' यांचे सुइटच पुरेत या मतावर ठाम. आता सांगा, पूर्ण संगीत ऐकायचंच तर कोणतं रेकॉर्डिंग? आणि एकच संध्याकाळ असेल तर काय?

---

चेलोबा

लेइफ सेगेरस्तामने तुर्कू फिलहार्मोनिकबरोबर नाक्सोससाठी केलेली मालिका सहज मिळते, गाण्यांसकट. ओस्मो व्हान्स्का आणि लाहती सिम्फनी, बीआयएस लेबल, जास्त काटेकोर आणि कोरडं. मला दुसरं आवडतं. 'क्रिस्तियान'बाबत थोडा विरोध: त्यातला 'म्युझेत' मुळात दोन क्लॅरिनेट आणि दोन बसूनचा, खिडकीखालचं रस्त्यावरचं वादन, बॅगपाइपची नक्कल. एवढ्या चारांना घेऊन कुठल्याही खोलीत वाजवता येतो. तेवढ्यासाठी तरी मूळ पाहा.

---

पडद्यामागून

एक संध्याकाळ असेल तर 'टेम्पेस्ट' पूर्ण, व्हान्स्काचं, डॅनिश गायनासह. नाटकाची संहिता हातात घ्या, मराठी अनुवादही चालेल, आणि प्रत्येक अंकाआधी रेकॉर्डिंग थांबवून तो अंक वाचा. ओव्हर्चरच्या वेळी आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी लावा, नाहीतर शेजारी येतील आणि पुढचे चौतीस तुकडे राहतील.

---

सुषिर

आणि शेवट ऐकताना लक्षात ठेवा की १९२७ मध्ये हेलसिंकीच्या प्रयोगासाठी सिबेलियसने नवा शेवट दिला होता. दोन्ही लागोपाठ ऐका आणि इथे येऊन सांगा, प्रॉस्परोला कुठला शोभतो. माझं मत हेलसिंकीला.

---

पिटातला

कोपनहेगन. उद्या भांडू.